हलगी तापवायला जागा नाही

मुंबईच्या रेडिओ केंद्रावर आवाजांचं एक कपाट आहे. उंच, काळपट, कुलपाचं. नाटकाला लागणारा कुठलाही आवाज त्यात मिळतो, असं तिथल्या साहेबांनी मला सांगितलं. मी ते कपाट आतून पाहिलं आहे. आपल्याकडचा एकही आवाज त्यात नव्हता.

तबकड्यांवर चिठ्ठ्या डकवलेल्या होत्या. दगडी रस्त्यावरची घोडागाडी. चर्चची घंटा. समुद्र, शांत. समुद्र, खवळलेला. मी म्हटलं, खेड्यातली सकाळ द्या. साहेबांनी एक तबकडी लावली. कोंबडा आरवला. माझा जन्म सातारा जिल्ह्यातला, कोंबडा मला कळतो. तो आपला नव्हता. त्याच्यामागं कुठलासा पक्षी शीळ घालत होता, तोही कधी कृष्णेकाठी उतरला नसेल. विहीर मागितली तर त्यांनी ओढ्याची तबकडी काढली आणि म्हणाले, "पाणी ते पाणी."

"मोटेचा आवाज आहे का?"

"मोट म्हणजे ती चामड्याची ना? तिला आवाज असतो?"

हे गृहस्थ रोज संध्याकाळी खेड्यांसाठी कार्यक्रम करत होते. गावोगावच्या चावड्यांत सरकारनं जे रेडिओ बसवले होते, त्यांतून यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

मी तिथं का गेलो, ते सांगतो. बेचाळीसच्या चळवळीत मी पत्रकं लिहायचो. लिहायला तिथंच शिकलो. पत्रकात वाक्य लहान लागतं, कारण वाचणारा उभ्याउभ्या वाचतो आणि मागं कोण आहे ते बघत असतो. पुढं स्वातंत्र्य आलं, सांगलीचं संस्थान विलीन झालं, आणि माझ्या हाताला काम उरलं नाही. तेव्हा मी एक नाटक लिहिलं. वीस मिनिटांचं, रेडिओसाठी. कवठे महांकाळकडच्या कोरड्या मुलखातलं एक गाव, त्यातली एक विहीर, आणि तिच्यावर पाणी कुणी भरायचं हा वाद. शेवटी दवंडी पिटतात की विहीर सगळ्यांना खुली. केंद्रानं ते घेतलं. मला वाटलं, आता पत्रकं वाटत हिंडायला नको, सगळा जिल्हा एकदम ऐकेल.

मग साहेबांनी अटी वाचल्या. आमच्या मंडळींना मिळून एकच ठोक रक्कम. आगगाडीचं भाडं त्यातूनच. कपाटातली तबकडी वाजवली तर बाहेरच्या मंडळींना दर तबकडीमागं आकार. मागून संगीत हवं तर केंद्राचे वादक आहेत, सतार आणि दिलरुबा, त्यांचा आकार तासावर. माझ्या कोरड्या गावात सतार कोण वाजवणार होतं, ते मी विचारलं. साहेबांनी पुढची अट वाचली. मग आमच्याकडं भजनात वाजते ती साधी पेटी आणू का, म्हणून विचारलं. तर पेटीला केंद्रावर बंदी. आपल्या संगीताला ती बाधते म्हणे. म्हणजे खेड्यात जे वाद्य घरोघर आहे ते चालत नाही, आणि जे चालतं ते खेड्यानं पाहिलेलं नाही.

माझा चेहरा बघून साहेब म्हणाले, "मग आवाज तुमचे तुम्ही आणा. त्याला आकार नाही."

मला तो माझा विजय वाटला. फुकट या शब्दाला मी भुललो, हे आधीच कबूल करतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

सांगलीला परत आलो आणि आवाज गोळा करायला लागलो. गुळाच्या काहिलीचा एक फुटका पत्रा मिळाला, तो हलवला की ढग गडगडायचे. सुपात भुईमुगाच्या शेंगा घोळल्या की पाऊस. करवंट्या मातीवर आपटल्या की बैलांची पावलं. नाटकात आम्ही चौघं होतो, मी आणि विश्रामबागेच्या कॉलेजातले तीन विद्यार्थी. एकाच्या खोलीवर आम्ही दिवसभर पाऊस पाडत बसायचो. खालचे घरमालक विचारायचे, "शेंगा खायच्या कवा?"

राहिली मोट. मोटेचं चाक कुरकुरतं, तो आवाज करवंटीतून निघत नाही. गावाबाहेर एका हवालदारांचा मळा होता. पलटणीतून पेन्शनीत आलेले, ऊस करायचे, दोन मुलगे अजून पलटणीत. त्यांच्या विहिरीचं चाक सडकेपर्यंत ऐकू यायचं. मी त्यांना म्हटलं, तुमचं जुनं चाक आठ दिवस द्या, रेडिओवर वाजवायचं आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. माजं चाक? मुंबईच्या रेडिओत? मग म्हणाले, शनिवारी या, तयार ठेवतो.

शनिवारी गेलो. चाक धुतलेलं होतं. त्याला गेरू लावला होता. आणि कण्याला बोटभर वंगण.

"फिरवून बघा," हवालदार म्हणाले. "एकदम फस्कलास. चूं न्हाई."

मी फिरवलं. खरोखरच चूं नाही.

"हवालदार, मला चूंच हवं होतं."

"म्हंजी?"

"ते कुरकुरतं म्हणून तर मागितलं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरातलं काही चारचौघांत बोललो. "आवं, समद्या मुलखाला माजं चाक कुरकुर करताना ऐकवायचं? लोक काय म्हंतील, हवालदाराला वंगण मिळंना? माजी पोरं पलटणीत हाईत. त्यांचा साहेब रेडिओ ऐकतो."

"तुमचं नाव नाही सांगणार आम्ही."

"नाव कशाला पायजे? माजं चाक मला वळखू येतं. दुसऱ्याला येनार न्हाई व्हय?" आणि जरा थांबून, "गड्या, खराब माल पायजे व्हता तर आदी बोलायचं."

चुलीतली राख, रॉकेल आणि वाळू घेऊन आम्ही ते वंगण घासून काढलं. हवालदार आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. चाक परत बोलायला लागलं तेव्हा ते उसात निघून गेले. तेव्हा मी हसलो होतो. आपल्या चाकाचा आवाज आपला असतो, हे त्या माणसाला मुंबईच्या साहेबांपेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता संगीत. माझ्या नाटकाला हलगी हवी होती. एकदा मागून, लांबच्या लग्नातली वाटावी अशी, आणि शेवटी दवंडीची. दवंडी आमच्याकडं ठरलेल्या रीतीनं होते. पाटलाचा हुकूम होतो, मांगवाड्यातला माणूस हलगी घेऊन वेशीच्या आत येतो, चौकाचौकात वाजवतो, आणि हुकूम ओरडून सांगतो. हलगी त्याची, गळा त्याचा, शब्द पाटलाचे.

कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावी एक हलगीवाले होते. त्यांचा हात लांबवर माहीत होता. मी त्यांना मामा म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढं, उजव्या हाताचं एक बोट जरा वाकडं. मी त्यांच्या दारात बसलो आणि बोललो. देश, नवीन दिवस, विहिरी, सगळं. मी बोलत होतो तोवर ते एक काडी तासत होते. हलगीला दोन काड्या लागतात, एक जाड टिपरू आणि एक बारीक. बारीक तासत होते.

"झालं?" ते म्हणाले. "म्हंजी फुकट."

"देशाचं काम आहे मामा."

"गावचं काम म्हनून पाटील बोलावतो. देवाचं काम म्हनून पुजारी बोलावतो. आता देशाचं आलं. हलगी येकच हाय माजी."

 पत्रकाला कुणी तोंडावर उत्तर देत नाही, त्यामुळं मला ती सवय नव्हती. आवाजाला आकार नाही म्हणणाऱ्या ज्या साहेबांना मी भुललो होतो, त्यांचंच वाक्य मी मांगवाड्यात येऊन म्हणत होतो, आणि वर देशाचं नाव घेत होतो.

मामा मग स्वतःच म्हणाले, "येतो मी. पर येक करा. त्या रेडिओत शेवटाला नावं सांगत्यात. ह्यानं गायलं, त्यानं वाजिवलं. माजं सांगा."

"सांगतील की."

"तसं न्हवं. नीट ऐका. चावडीत सरकारनं डबा ठेवलाय. आत गाव बसतं, आमी भाईर रस्त्यावर बसून ऐकतो. ह्या गावात वेशीच्या आत माजं नाव कुनी घेत न्हाई. ए म्हनत्यात, न्हाईतर जातीनं हाक. आई घ्यायची, ती गेली. बायकू तर नवऱ्याचं नाव घेत न्हाई." आत चुलीपाशी बसलेली मामी हसली. "तवा त्या डब्यातनं येकदा येऊ द्या. पाटलाच्या डोक्यावरनं."

"शब्द देतो."

"बापाच्या नावासकट. त्यानंबी जलमभर फुकट वाजिवलं."

मी शब्द दिला. त्यांनी काडी तोंडात धरली आणि मान हलवली.

मिरजेहून गाडी धरली. चाक बाकाखाली, काहिलीचा पत्रा दाराशी, शेंगांचं गाठोडं मांडीवर. मामांनी हलगी धडप्यात गुंडाळून छातीशी धरली होती. लोणंदला इंजिन पाण्याला थांबलं. मामा उतरले, इंजिनातून पाडलेल्या निखाऱ्यांपाशी गेले आणि हलगी शेकायला लागले. उलटी सुलटी करत, भाकरी शेकावी तशी. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "ही शेकल्याबिगर बोलत न्हाई. कातडं ढिलं पडतं." मग दोन काड्यांनी तिला नुसतं जागं केलं. फलाटावरचे कांद्याचे व्यापारी वळून बघायला लागले. गार्ड शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली, असा माझा अंदाज आहे, आणि तक्रार कुणी केली नाही.

मुंबईचं ते केंद्र. स्टुडिओच्या भिंतींना आतून कापडाच्या गाद्या. बाहेर समुद्राची हवा. मामांनी हलगीवर टिपरू टाकलं तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला.

"विस्तू पायजे," मामा म्हणाले.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "इथं काडी ओढायला बंदी आहे आणि तुम्ही शेगडी मागता? त्यापेक्षा तबकडीवर ढोल आहे की. आफ्रिकेतला आहे, पण चांगला आहे."

त्या इमारतीत सतार जुळवायला वेगळी खोली होती. हलगी तापवायला जागा नव्हती. कुणी मुद्दाम ठेवली नव्हती असंही नव्हतं. हलगी तिथं कधी येईल, हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला या दुसऱ्या गोष्टीचाच राग जास्त आला. मुद्दाम केलेलं असेल तर भांडता येतं.

समोर रस्त्यापलीकडं चहाचं दुकान होतं. मामा तिथं गेले, शेगडीवर हलगी शेकली, धडप्यात गुंडाळून पळत जिना चढून आले. गरम होती तेवढ्यात आम्ही तालीम उरकली. करवंट्या, शेंगा, चाक. चाकाच्या नाड्याला दोघं लोंबकळलो तेव्हा ते मळ्यातल्यासारखं रडलं. आणि मामांची दवंडी वाजली तेव्हा काचेपलीकडचा यंत्रवाला माणूस उठून उभा राहिला. साहेबांनी त्याला खूण केली. त्यानं एक कोरी तबकडी चढवली आणि मामांकडून लग्नाची आणि दवंडीची, दोन्ही परत वाजवून घेतली. मला तो मान वाटला. मामांनाही वाटला. ते मला म्हणाले, "दोनदा घेतलं बगा."

मग साहेबांनी शेवटच्या निवेदनाचा कागद मागितला. मी तो सांगलीलाच लिहून आणला होता. लेखकाचं नाव, तिघा नटांची नावं, आणि मग हलगीवादक म्हणून मामांचं पूर्ण नाव, बापासकट.

साहेबांनी तांबडी पेन्सिल काढली. "हे कोण? यांना संवाद आहे?"

"नाही. दवंडीचे शब्द आमचा नट ओरडतो. हलगी हे वाजवतात."

"मग ते ध्वनिपरिणामात जातं. त्याला नाव नसतं."

"सतारीवाल्यांचं सांगता की."

"ते कलावंत आहेत. करार आहे त्यांचा. उद्या तुम्ही त्या चाकाचंही नाव सांगायला लावाल."

मी बोललो. बराच बोललो, आवाज चढवून. नाटक कशावर आहे ते वाचलंत का, विचारलं. विहिरीवरून माणूस हाकलतात म्हणून नाटक करायचं आणि कागदावरून माणूस आपण हाकलायचा? साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. रागावले नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हणाले, "वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. जमत नसेल तर हलगी काढा, वादक मोकळे आहेत. नाहीतर आज नाटकच नको. भाषणाची तबकडी लावतो."

आणि त्यांनी रेघ मारली. जाड, तांबडी, नावावरून आणि बापाच्या नावावरून एकदाच.

त्या कागदावर माझं नाव पहिलं होतं. माझं काढा आणि त्यांचं घाला, एवढंच म्हणायचं होतं. वेळ तेवढाच लागला असता. सुचलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. मी कागदावर सही केली.

संध्याकाळी प्रक्षेपणाआधी मामा हलगी शेकून जिना चढत होते. जिन्यात मला म्हणाले, "लिवलंय न्हवं?"

मी मान हलवली. होय म्हणून.

लाल दिवा लागला. दार बंद झालं. हलगीची पाळी शेवटी होती आणि तोवर ती थंड पडणार, हे सगळ्यांना कळत होतं. मामांनी आजूबाजूला बघितलं, आणि निवेदकाच्या टेबलावरचा दिवा स्वतःकडं ओढून त्याच्या बल्बला हलगी लावून बसले. काचेमागून साहेबांनी हात केले. मामांनी तिकडं बघितलं नाही. एका पानावरचा उजेड गेला म्हणून आमच्या नटानं एक वाक्य पाठच म्हटलं. मग दवंडी आली. त्या गाद्यांच्या भिंतींतसुद्धा हलगी कडाडली. नट ओरडला, ऐका हो ऐका, गावची विहीर सर्वांना खुली. मामा शेवटच्या घावाला काडी हवेत धरून थांबले, आवाज मिटेपर्यंत.

निवेदकानं कागद वाचला. माझं नाव. तिघांची नावं. "आणि इतर साथीदार." मग बाजारभाव सुरू झाले.

मामा धडपं घडी करत होते. ते घडी करत राहिले. कोपऱ्याला कोपरा जुळवून, चार वेळा.

साहेब बाहेर आले, माझा हात हातात घेतला. "इफेक्ट उत्तम आला. आणि आपल्याला तो आता कायमचा मिळाला. पुन्हा कुणाला एवढ्या लांबून आणायला नको." मामा तिथंच उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडंही बघून मान डोलावली.

परत येताना लोणंदला इंजिन पाण्याला थांबलं. मामा उतरले नाहीत. मिरजेच्या फलाटावर मी त्यांना सगळं सांगितलं. तांबडी रेघ, माझी सही, माझी मान. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं नाव बेस आलं. पयलंच." आणि त्यांच्या गावाची वाट धरली.

मग मी मला येतं ते केलं. कागद काळे केले. केंद्राला तीन पत्रं लिहिली, एकापेक्षा एक तिखट. तिन्हींना मिळून एक छापील कार्ड आलं, आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. एक पत्रकही लिहिलं, त्या कपाटावर. छापलं नाही. कारण त्यात साहेबांबद्दल चाळीस ओळी होत्या आणि सहीबद्दल एकही नव्हती. कवठे महांकाळला जायचं मी टाळत होतो. बाजारला येणारा कुणी मेंढरंवाला दिसला की मी रस्ता बदलायचो, त्याच्याकडून निरोप येईल म्हणून.

आलाच. महिना उलटला असेल. एक धनगर घोंगडी विकायला सांगलीला आला होता, त्यानं मला शोधून काढलं. म्हणाला, "हलगीवाल्यानं बोलीवलंय. म्हनला, न्हाई आला तर पुना सांगू नगं."

गेलो. मामा दारातच होते. बस म्हणाले नाहीत, मी बसलो.

"त्या सांजंचं सांगतो," ते म्हणाले. "समदा मांगवाडा चावडीम्होरं बसला व्हता. मामी तुमची धुतल्यालं लुगडं नेसून. नाटक झालं. हलगी झाली. पोरं उठून नाचली. मग नावं आली. आन संपली. समदी तिच्याकडं बघाया लागली. ती म्हनली, डब्यातली बॅटरी उतरली आसंल."

मामी आत होती. आज ती हसली नाही.

"ते ऱ्हाऊ द्या. ते झालं. परवाचं ऐका. डब्यात कुनी साहेब खतावर बोलत व्हता. शेनखत कसं कुजवायचं. आन त्याच्या मागनं हलगी. लगनाची. मी भाईर बसलोय आन हलगी आत वाजतीया. माजाच हात. तिसऱ्या घावाला माजी काडी सरकती, हे बोट मोडलंय तवापासनं. दुसऱ्या कुनाची सरकत न्हाई." त्यांनी वाकडं बोट पुढं केलं. "पाटील आतनं इचारतो, कोन वाजीवतंय रं हे, झकास. मी म्हनलं, मी. पाटील भाईर आला. माज्याकडं बघितलं. हसला. म्हनला, तू तर हितं हाईस."

 आमच्या नाटकासाठी त्यांच्याकडून आवाज फुकट घेतला मी. साहेबांनी तो कपाटात ठेवला होता, कुठल्याशा चिठ्ठीखाली, आणि आता तो शेणखताला लागत होता. उद्या हातपंपाला लागेल, परवा लसूण कसा लावावा याला. ज्यानं वाजवला तो रस्त्यावर बसून ऐकणार, आणि हा मी म्हटलं तर गाव हसणार. माझी चूक नसती तर मी तिथं केवढा भडकलो असतो.

"आणखी एक पत्र लिहितो," मी म्हटलं. "वर्तमानपत्रात देतो. तुमच्या नावानिशी."

"नगं. लिवल्यालं तुमी बघितलं न्हवं काय व्हतं ते. माजं नाव परत कागदावर घालायचं न्हाई, सांगून ठेवतो." म्हणून ते इथंही नाही. "तुमी शबुद दिलता, सांगायचा. तवा सांगा. मी वाजीवतो, तुमी बोला."

"कुठं?"

"गावात. वेशीच्या आत. दवंडी."

पाटलाच्या हुकमाशिवाय दवंडी देत नाहीत. हे मला माहीत होतं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि माझं काही बिघडलं तरी मी संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला जाणार होतो. ते तिथंच राहणार होते. मी तसं म्हटलं.

"ते मी बघतो," मामा म्हणाले. "तुमी फकस्त मान हलवू नगा. तोंडानं बोला."

मामीनं दारापुढं तुराट्या पेटवल्या. मामांनी हलगी शेकली, सावकाश, कडेकडेनं, टिचकी मारून बघत. घाई कुठलीच नव्हती. सकाळची उन्हं वर आली होती, लोक घरी होते, कारण बाजारचा दिवस नव्हता. आम्ही वेशीतून आत गेलो.

पहिल्या चौकात हलगी कडाडली आणि लोक दारात आले. दवंडी म्हणून आले, कसला हुकूम ते ऐकायला. मामा थांबले, माझ्याकडं बघितलं. मी एवढी पत्रकं लिहिलेला माणूस.  "ऐका हो ऐका" एवढं म्हटलं आणि तिथंच थांबलो. एक म्हातारी म्हणाली, "आरं, ह्यो नवा दवंडीवाला मुका हाय का?"

मामांनी परत वाजवलं. या वेळी मी बोललो. ऐका हो ऐका, मुंबईच्या रेडिओवर विहिरीच्या नाटकात जी हलगी वाजली, आणि परवा खताच्या भाषणामागं जी वाजली, ती या गावच्या माणसानं वाजवली. आणि मी त्यांचं नाव घेतलं. त्यांच्या बापाचं घेतलं. आडनावासकट. शेवटी म्हटलं, हे सांगायचं राहिलं होतं, ते माझ्यामुळं.

 एका बाईनं ते नाव स्वतःशी म्हणून बघितलं, आठवल्यासारखं. आम्ही पुढं निघालो.

चावडीपाशी पाटील पायरीवर उभे होते. आतल्या खोक्यात सरकारी रेडिओ, त्याला कुलूप. त्यांनी मामांना विचारलं नाही, मला विचारलं. "कुनाच्या हुकमानं?"

मी तोंड उघडायच्या आधी मामा म्हणाले, "ह्यांनी मला शबुद दिलता. त्या शबदाच्या."

"तुमी शिकल्याली मानसं," पाटील मला म्हणाले. "हे काय नाटक? त्याचं नाव गावाला ठावं न्हाई व्हय?"

"आवं, ठावं आसंल तर घ्या की येकदा," मामा म्हणाले.

ते शांतपणे म्हणाले. हलगी खांद्याशी, काड्या हातात. पाटलांनी मामांकडं बघितलं, मग रस्त्यावर जमलेल्या लोकांकडं. त्यांचे ओठ हलले, असं मला वाटलं. नाव आलं नाही. ते आत गेले. थोड्या वेळानं आतून शिपायाची हाक आली, "ए, बंद कर ते." ए.

मामांनी बंद केलं नाही. पुढच्या चौकात गेले. हलगी अजून गरम होती, उन्हामुळं की काय, आवाज पहिल्यापेक्षा चढाच होता. मी परत सगळं म्हटलं, रेडिओ, विहीर, खत, नाव. आता माझा गळा मोकळा झाला होता आणि मला घाई होती, शिपाई मागून येत होता.

मामांनी काडी वर धरून मला थांबवलं.

"बापाचं नाव खाल्लंत," ते म्हणाले. "परत घ्या."

त्यांनी पहिल्यापासून वाजवलं, आणि मी परत घेतलं.